एचआयव्हीचा संसर्ग आणि आपली जनुके: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवरा-बायको वर्षानुवर्षे एकत्र राहतात, एकाच्या रक्तात एचआयव्ही सापडतो आणि दुसऱ्याचा अहवाल प्रत्येक वेळी निगेटिव्ह येतो. असे का व्हावे, हा प्रश्न समुपदेशनाच्या खोलीत वारंवार येतो आणि त्यामागोमाग दुसराही येतो, की ज्याला लागण झाली नाही त्याच्या रक्तातच काही संरक्षण आहे का. जनुकांमुळे मिळणारे असे संरक्षण खरोखर अस्तित्वात आहे, त्यावरून एक औषध तयार झाले आहे आणि काही माणसे एचआयव्हीतून मुक्तही झाली आहेत. मात्र ते फार थोड्यांच्या वाट्याला येते, आणि निगेटिव्ह अहवालाचे कारण बहुतेक वेळा जनुकांत नसून दुसरीकडेच असते. पुढील उत्तरे वाचताना हे ध्यानात ठेवावे.

एचआयव्ही हा आनुवंशिक आजार आहे का?

नाही. एचआयव्ही हा विषाणू आहे आणि तो बाधित व्यक्तीचे रक्त, वीर्य, योनीतील किंवा गुदमार्गातील स्राव आणि आईचे दूध यांतून पसरतो. आईकडून बाळाला तो गरोदरपणात, बाळंतपणात किंवा अंगावर पाजताना मिळू शकतो, पण तो संसर्ग आहे, वारसा नाही. वारशाने मिळते ती जनुकांची ठेवण, आणि तिच्यामुळे दोन गोष्टींत फरक पडू शकतो: शरीरात आलेल्या विषाणूला पेशीत शिरकाव मिळतो की नाही, आणि शिरकाव झालाच तर शरीर त्याला किती काळ व किती प्रमाणात आवरून धरते. या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. बातम्यांमध्ये त्यांची सरमिसळ होते आणि मग ‘एचआयव्हीला रोखणारे जनुक सापडले’ असा मथळा दर दोन-चार वर्षांनी वाचायला मिळतो.

विषाणू पेशीत शिरतो कसा, आणि त्यात जनुकांचा संबंध कुठे येतो?

एचआयव्हीचे मुख्य लक्ष्य म्हणजे रोगप्रतिकारशक्तीचे नियोजन करणाऱ्या सीडी-४ पेशी. विषाणूच्या पृष्ठभागावरील जीपी-१२० हे प्रथिन प्रथम पेशीवरच्या सीडी-४ या प्रथिनाला चिकटते. तेवढ्याने काम भागत नाही, हे संशोधकांना १९८० च्या दशकातच कळून चुकले होते, कारण मानवी सीडी-४ प्रथिन उंदराच्या पेशींवर बसवले तरी विषाणू त्या पेशींत शिरत नव्हता. दुसरे काहीतरी लागते हे उघड होते, पण ते काय याचा उलगडा व्हायला १९९६ साल उजाडले. सीडी-४ ला चिकटल्यावर जीपी-१२० चा आकार बदलतो आणि ते शेजारच्या आणखी एका प्रथिनाला पकडते. त्यानंतर जीपी-४१ हे दुसरे प्रथिन विषाणूचे आवरण आणि पेशीचे आवरण एकमेकांत मिसळवते. हे शेजारचे प्रथिन सहसा सीसीआर-५ असते, तर काही विषाणू त्याऐवजी सीएक्ससीआर-४ वापरतात.

सीसीआर-५ चे खरे काम वेगळेच आहे. शरीरात दाह सुरू झाला की केमोकाइन नावाचे रासायनिक संदेश सुटतात, आणि ते ओळखून पेशीला त्या जागी नेण्याचे काम हे प्रथिन करते. ते बनवण्याची कृती तिसऱ्या गुणसूत्रावरच्या जनुकात असते. त्या जनुकात बिघाड असेल तर विषाणूला लागणारे प्रथिनच पेशीवर नसते.

डेल्टा-३२ म्हणजे नेमके काय?

सीसीआर-५ च्या जनुकातील ३२ अक्षरांचा (म्हणजे डीएनएच्या ३२ घटकांचा) एक तुकडा गळालेला असणे, याला डेल्टा-३२ म्हणतात. जनुकातील अक्षरे तीन-तीनच्या गटाने वाचली जातात. ३२ ला तीनने भाग जात नसल्यामुळे गाळलेल्या जागेपुढची सगळी वाचनपट्टी सरकते, थोड्याच अंतरावर चुकीच्या ठिकाणी ‘थांबा’ अशी खूण येते आणि ३५२ अमिनो आम्लांच्या (प्रथिन ज्यांचे बनते त्या घटकांच्या) पूर्ण प्रथिनाऐवजी २१५ अमिनो आम्लांचे अपुरे प्रथिन तयार होते. ते पेशीच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचतच नाही.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्याकडे असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. दोन्ही प्रतींत हा तुकडा गळालेला असेल तर पेशींवर सीसीआर-५ अजिबात दिसत नाही. प्रयोगशाळेत हे ओळखणे अवघड नाही. जनुकाच्या तेवढ्या भागाच्या पीसीआर या पद्धतीने असंख्य प्रती काढल्या आणि त्या जेल नावाच्या थलथलीत थरातून विजेच्या प्रवाहाने धावू दिल्या की साधी प्रत आणि ३२ अक्षरांनी आखूड असलेली प्रत वेगवेगळ्या अंतरावर थांबतात. दोन्ही प्रती साध्या असतील तर वरचा एकच पट्टा दिसतो, दोन्ही आखूड असतील तर खालचा एकच, आणि एकेक असेल तर वरचा व खालचा असे दोन्ही पट्टे दिसतात.

या शोधाची सुरुवात माणसांपासून झाली, जेलपासून नव्हे. न्यूयॉर्कमधील स्टीव्ह क्रोन यांचा जोडीदार एड्सच्या साथीच्या अगदी आरंभी, १९८२ मध्ये वारला. पुढे त्यांचे अनेक मित्र गेले, पण त्यांना स्वतःला लागण झाली नाही. आपल्यात काय वेगळे आहे ते शोधा, असे ते स्वतःच डॉक्टरांना सांगत होते. अखेर एरन डायमंड एड्स संशोधन केंद्रात बिल पॅक्स्टन यांनी त्यांच्या सीडी-४ पेशी काचपात्रात घेऊन त्यांना मुद्दाम एचआयव्हीची लागण करण्याचा प्रयत्न केला, आणि तो सफल झाला नाही. १९९६ मध्ये अमेरिकेतील दोन आणि बेल्जियममधील एक अशा तीन गटांनी डेल्टा-३२ आणि एचआयव्हीचा संबंध जवळपास एकाच वेळी प्रसिद्ध केला.

एकच प्रत बदललेली असेल तर संरक्षण मिळते का?

लागण होण्यापासून म्हणावे असे संरक्षण मिळत नाही. पेशींवर सीसीआर-५ कमी प्रमाणात असते, पण विषाणूला तेवढे पुरते. लागण झाल्यावर उपचार न घेतल्यास आजार थोडा सावकाश पुढे सरकतो, एवढा फरक अनेक अभ्यासांत दिसला आहे, आणि आजच्या औषधांच्या काळात रुग्णाच्या दृष्टीने त्याला फारसा अर्थ उरलेला नाही.

दोन्ही प्रती बदललेल्या असतील तर एचआयव्ही कधीच होत नाही का?

‘कधीच’ हा शब्द येथे वापरता येत नाही. लैंगिक संबंधांतून पसरणारे विषाणू बहुतेक वेळा सीसीआर-५ वापरणारे असतात, आणि त्यांच्यापुढे हे संरक्षण अतिशय भक्कम ठरते. परंतु सीएक्ससीआर-४ वापरणाऱ्या विषाणूला त्याचा अडथळा होत नाही. दोन्ही प्रती डेल्टा-३२ असूनही लागण झालेल्या व्यक्तींची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. ती मोजकी आहेत, पण आहेत.

येथे वानरकुळातील एका उदाहरणाचा उल्लेख करण्याचा मोह आवरत नाही. आफ्रिकेतील लाल टोपीच्या मँगाबे माकडांत सीसीआर-५ च्या जनुकात २४ अक्षरांची गळती मोठ्या प्रमाणावर आढळते. त्या माकडांतील एसआयव्ही या, एचआयव्हीच्या नात्यातल्या, विषाणूने काय करावे? त्याने सीसीआर-५ सोडून सीसीआर-२ हे दुसरे प्रथिन वापरायला सुरुवात केली.

भारतीयांमध्ये हा बदल आढळतो का?

फारच क्वचित. उत्तर युरोपात बदललेल्या प्रतीचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे साधारण शंभरात एका व्यक्तीच्या दोन्ही प्रती बदललेल्या असतात. दक्षिण युरोपाकडे सरकावे तसे हे प्रमाण उतरत जाते, आणि आफ्रिका, पूर्व आशिया व अमेरिकेतील मूळ रहिवासी यांच्यात ते जवळजवळ शून्य आहे. भारतातील बहुतेक समूहांत बदललेल्या प्रतीचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आहे. वायव्येकडच्या काही समूहांत ते किंचित अधिक दिसते.

याचा हिशेब मांडून पाहावा. शंभरात एक प्रत बदललेली असेल तर एकाच व्यक्तीकडे अशा दोन प्रती येण्याची शक्यता दहा हजारांत एक होते, आणि प्रत्यक्षात प्रमाण त्याहून कमी असल्यास ती आणखी घटते. गोरा रंग, घारे डोळे, आडनाव किंवा जात यांवरून याचा अंदाज बांधणे निरर्थक आहे. देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि राज्यनिहाय पाहता त्यांची सर्वाधिक संख्या महाराष्ट्रात आहे. भारतात प्रामुख्याने आढळणारा एचआयव्हीचा ‘सी’ उपप्रकार मुख्यतः सीसीआर-५ च वापरतो, आणि आपल्याकडे ते प्रथिन जवळपास प्रत्येकाच्या पेशींवर असते.

हा बदल युरोपातच का? प्लेगमुळे तो टिकला असे वाचले होते.

प्लेगची गोष्ट १९९८ च्या सुमारास पुढे आली. त्या वेळच्या गणितानुसार हा बदल सुमारे सातशे वर्षांपूर्वीचा ठरत होता आणि तो काळ युरोपातील ‘काळ्या मृत्यू’शी जुळत होता. गोष्ट आकर्षक होती, त्यामुळे ती अजूनही फिरते. काहींनी प्लेगच्या जागी देवीचा रोग सुचवला. नंतर प्राचीन सांगाड्यांतील डीएनए वाचता येऊ लागले आणि हा बदल काही हजार वर्षांपूर्वीच्या हाडांतही सापडला. कोपनहेगनच्या संशोधकांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार तो ६,७०० ते ९,००० वर्षांपूर्वी काळ्या समुद्राच्या परिसरात राहणाऱ्या एका व्यक्तीपासून सुरू झाला असावा. तो पसरण्याचे कारण कोणतेही असो, ते एचआयव्ही नक्कीच नव्हते, कारण हा विषाणू चिंपांझीकडून माणसांत आला तो विसाव्या शतकाच्या आरंभी.

माझ्या जोडीदाराला एचआयव्ही आहे, मला नाही. माझ्यात डेल्टा-३२ असेल का?

जवळजवळ निश्चितपणे नाही. भारतीयांविषयीच्या प्रश्नातील दहा हजारांत एक हा हिशेब पाहिला तर भारतीय व्यक्तीच्या बाबतीत हे कारण सर्वांत शेवटी तपासावे लागेल. त्याआधीची कारणे साधी आहेत, पण कोणी ती समजावून सांगत नाही.

पहिले कारण म्हणजे एचआयव्ही एका संबंधात पसरण्याची शक्यता लोकांना वाटते त्यापेक्षा बरीच कमी असते. औषध सुरू नसलेल्या बाधित व्यक्तीशी आलेल्या दर दहा हजार असुरक्षित संपर्कांमागे सरासरी किती वेळा लागण होते, याचे सर्वसाधारण मान्य अंदाज असे आहेत: योनीमैथुनात स्त्रीला सुमारे ८ वेळा, पुरुषाला सुमारे ४ वेळा, गुदमैथुन स्वीकारणाऱ्या जोडीदाराला सुमारे १३८ वेळा, इंजेक्शनची सुई वाटून घेतल्यास सुमारे ६३ वेळा. बाधित रक्त चढवले गेल्यास मात्र हाच आकडा ९,००० च्या वर जातो. ही सरासरी आहे. बाधित व्यक्तीला नुकतीच लागण झालेली असेल तर रक्तातील विषाणूंचे प्रमाण प्रचंड असते आणि धोका कित्येक पटींनी वाढतो. गुप्तरोगाचे व्रण असतील तरीही वाढतो. त्यामुळे काही वर्षे एकत्र राहूनही लागण न होणे हे नवलाचे नाही, आणि पहिल्याच संबंधात लागण होणेही नवलाचे नाही.

दुसरे आणि आज सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे जोडीदाराचे औषध. नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांवर झालेल्या एचपीटीएन-०५२ या चाचणीत एक जोडीदार बाधित आणि दुसरा नसलेला, अशीच जोडपी घेतली होती. पुणे आणि चेन्नई ही त्यातील भारतीय केंद्रे होती. बाधित जोडीदाराला लगेच एआरटी (विषाणूला दाबून ठेवणारी औषधे) सुरू केल्यास दुसऱ्याला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, हे २०११ मध्ये या चाचणीने दाखवले. त्या टप्प्यावर एकूण ३९ जणांना लागण झाली होती, परंतु विषाणूंच्या जनुकीय रचनेची तुलना केल्यावर त्यांपैकी २८ जणांच्याच बाबतीत विषाणू त्यांच्या नेहमीच्या जोडीदाराकडून आल्याचे निश्चित झाले, आणि या २८ पैकी फक्त एक जण लगेच औषध सुरू केलेल्या गटातील होता. रक्तातील विषाणू औषधाने सतत दबलेला असेल तर लैंगिक संबंधातून लागण होत नाही, हे त्यानंतरच्या अभ्यासांनी पक्के केले.

त्यामुळे ‘मला काही होत नाही’ असे मानून निरोध सोडणे किंवा जोडीदाराच्या गोळ्यांकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे आहे. ज्या कारणाने आजवर लागण झाली नाही, तेच कारण अशा वेळी नाहीसे होते. आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्रात ठरावीक काळाने तपासणी करत राहावी आणि जोडीदाराचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूंचे प्रमाण, वेळेवर मोजून घ्यावा. माहितीसाठी १०९७ हा राष्ट्रीय मदत क्रमांक निःशुल्क आहे. जोखमीचा संपर्क नुकताच झाला असेल तर ७२ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर, प्रतिबंधक औषधे सुरू करता येतात आणि ती २८ दिवस घ्यावी लागतात.

मग वारंवार संपर्क येऊनही लागण न होणारी माणसे खरोखर असतात का?

असतात, आणि त्यांचा अभ्यास अनेक ठिकाणी झाला आहे. त्यातला सर्वांत प्रसिद्ध अभ्यास नैरोबीच्या माजेंगो वस्तीतील वेश्याव्यवसाय करणाऱ्या स्त्रियांचा. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून तेथे काम करणारे फ्रँक प्लमर आणि त्यांचे सहकारी यांच्या लक्षात आले, की ज्या वस्तीत बहुसंख्य स्त्रियांना लागण झाली आहे तेथेच एक छोटा गट वर्षानुवर्षे निगेटिव्ह राहतो. डेल्टा-३२ हे कारण असू शकत नव्हते, कारण आफ्रिकेत तो जवळपास नसतोच. काही विशिष्ट एचएलए प्रकार (या जनुकांविषयी पुढच्या प्रश्नात), जननमार्गातील दाहाचे कमी प्रमाण आणि विषाणूला ओळखणाऱ्या मारक पेशी अशी काही चिन्हे त्यांच्यात सापडली. पण या अभ्यासातील सर्वांत बोलकी नोंद वेगळीच आहे: यांपैकी काही स्त्रियांनी काही काळ व्यवसाय थांबवला किंवा कमी केला, आणि पुन्हा सुरू केल्यावर त्यांना लागण झाली. म्हणजे त्यांचे संरक्षण निदान काही अंशी जन्मजात नव्हते. ते सततच्या संपर्कातून जागे राहत होते आणि संपर्क थांबताच ओसरत होते.

एचएलए म्हणजे काय? त्याचा लागणीशी संबंध आहे की आजाराच्या वेगाशी?

मुख्यतः आजाराच्या वेगाशी. सहाव्या गुणसूत्रावरील एचएलए जनुके जी प्रथिने बनवतात, ती पेशीच्या आत काय चालले आहे त्याचे छोटे तुकडे पृष्ठभागावर धरून दाखवतात. पेशीत विषाणू असेल तर त्याचे तुकडे दिसतात आणि मारक टी-पेशी त्या पेशीचा नाश करतात. हे तुकडे कोणते, हे एचएलएच्या प्रकारावर ठरते आणि म्हणूनच माणसामाणसांत फरक पडतो.

एचएलए-बी ५७ आणि एचएलए-बी २७ हे प्रकार असलेले लोक, लागण झाल्यावर, औषध नसतानाही विषाणूला बराच काळ आवरून धरताना दिसतात. एचएलए-बी ३५ च्या काही उपप्रकारांत उलट घडते. बी ५७ चे यश विषाणूच्या मर्मावर बोट ठेवण्यात आहे. तो विषाणूच्या आतल्या कवचाचा असा तुकडा दाखवतो, जो बदलला तर विषाणूची वाढच मंदावते. विषाणू सुटका करून घेण्यासाठी बदलतो खरा, पण त्याची किंमत त्याला मोजावी लागते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, औषधाविना विषाणूला काबूत ठेवणाऱ्या शेकडो लोकांचा संपूर्ण जनुकसंच तपासला गेला, आणि लक्षणीय ठरलेले सगळे फरक सहाव्या गुणसूत्राच्या याच टापूत निघाले. एचएलए-बी प्रथिनाच्या खोबणीतील ९७ व्या स्थानावर कोणते अमिनो आम्ल आहे, यावर पुष्कळ काही अवलंबून असल्याचे त्यात दिसले.

अशी विलक्षण ताबा ठेवणारी माणसे बाधितांमध्ये शंभरात एकापेक्षाही कमी असतात. त्यांनीही औषध घ्यावे की नाही हा प्रश्न आता फारसा उरलेला नाही. भारतात २०१७ पासून सीडी-४ चा आकडा कितीही असो, प्रत्येक बाधिताला एआरटी देण्याचे धोरण आहे.

आई बाधित असेल तर बाळाच्या जनुकांनी फरक पडतो का?

थोडासा पडतो. बाळाच्या एचएलएचा अर्धा वाटा आईकडूनच येतो, आणि आईच्या शरीरात मुरलेला विषाणू त्या प्रकारांना चुकवायला आधीच शिकलेला असू शकतो. आई आणि बाळ यांच्या एचएलएत जितके साम्य अधिक, तितका बाळाला धोका अधिक, असे काही अभ्यासांत आढळले आहे. व्यवहारात मात्र आईच्या औषधापुढे हा फरक नगण्य आहे. कोणताही उपाय न केल्यास १५ ते ४५ टक्के बाळांना होणारी लागण योग्य उपचारांनी पाच टक्क्यांच्या खाली आणता येते.

रक्तगटाचा काही संबंध आहे का?

नाही. रक्तगटावरून एचआयव्हीच्या धोक्याचा कोणताही अंदाज बांधता येत नाही.

डेल्टा-३२ आणि एचएलए सोडून इतर जनुके सापडली आहेत का?

सापडल्याच्या घोषणा पुष्कळ झाल्या, त्यांतल्या टिकल्या थोड्या. २००५ मध्ये सीसीएल-३-एल-१ या जनुकाच्या जितक्या जास्त प्रती तितका एचआयव्हीचा धोका कमी, असा दावा गाजला होता; नंतरच्या मोठ्या अभ्यासांत तो पुन्हा सिद्ध करता आला नाही. २०१३ मध्ये सहा हजारांहून अधिक बाधित आणि सात हजारांच्या आसपास अबाधित व्यक्तींचे जनुकसंच ताडून पाहिले, तेव्हा लागण होण्या-न होण्याशी पक्का संबंध फक्त डेल्टा-३२ चाच दिसला. छोट्या अभ्यासांवरून निघालेल्या डझनभर जनुकांची नावे या एका चाळणीत गळून पडली. लागण झाल्यानंतरच्या व्हायरल लोडमध्ये माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला साधारण चौथा हिस्सा सीसीआर-५ आणि एचएलए मिळून स्पष्ट होतो.

तरी दोन नोंदी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. २०२३ मध्ये आफ्रिकी वंशाच्या सुमारे चार हजार लोकांच्या अभ्यासातून पहिल्या गुणसूत्रावरील सीएचडी-१-एल या जनुकाजवळचा एक बदल कमी व्हायरल लोडशी जोडला गेला; युरोपीय वंशाच्या लोकांत तो बदल जवळपास नसतो, त्यामुळे आधीच्या युरोपकेंद्री अभ्यासांना तो दिसणेच शक्य नव्हते. दुसरी नोंद टीएनपीओ-३ या जनुकाची. त्यातील एका अक्षराच्या गळतीमुळे काही घराण्यांत स्नायू क्षीण होण्याचा दुर्मीळ आजार होतो, आणि त्याच व्यक्तींच्या पेशींना प्रयोगशाळेत एचआयव्हीची लागण करणे अवघड जाते. असे संरक्षण कोणी मागून घेणार नाही.

बर्लिनचा रुग्ण बरा झाला तो डेल्टा-३२ मुळेच का?

बव्हंशी होय, पण चित्र आता पूर्वीइतके सरळ राहिलेले नाही. ‘बर्लिनचा रुग्ण’ म्हणजे टिमोथी रे ब्राऊन. त्यांना एचआयव्ही होता आणि नंतर रक्ताचा कर्करोगही झाला. त्या कर्करोगासाठी अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण करायचे होते. बर्लिनमधील डॉक्टर गेरो ह्यूटर यांनी अस्थिमज्जा जुळणाऱ्या दात्यांपैकी कोणाच्या दोन्ही प्रती डेल्टा-३२ आहेत का हे तपासायचे ठरवले. ६१ व्या दात्याजवळ त्या सापडल्या. २००७ आणि २००८ अशी दोनदा प्रत्यारोपणे झाली, एआरटी थांबवण्यात आली आणि विषाणू परतला नाही. २०२० मध्ये ब्राऊन वारले ते कर्करोग उलटल्यामुळे. त्यानंतर लंडनचे ॲडम कॅस्टिलेहो, ड्युसेलडॉर्फचे मार्क फ्रँके आणि आणखी काही जण याच मार्गाने विषाणूमुक्त झाले.

याच्या उलट जर्मनीतील एसेन येथील रुग्णाची हकिकत कमी सांगितली जाते. त्याला २०१२ मध्ये डेल्टा-३२ दात्याची मज्जा मिळाली, पण त्याच्या शरीरात सीएक्ससीआर-४ वापरणारा विषाणू आधीपासून होता आणि तो काही आठवड्यांतच परतला. आणि २०२३ मध्ये जाहीर झालेल्या जिनीव्हाच्या रुग्णाला तर साध्या सीसीआर-५ असलेल्या दात्याची मज्जा दिली होती, तरीही औषध थांबवल्यावर विषाणू परत आला नाही. दात्याच्या पेशी रुग्णाच्या जुन्या, विषाणू दडलेल्या पेशींचा नाश करतात, याचा वाटा पूर्वी समजला जात होता त्याहून मोठा असावा.

कर्करोग नसलेल्या व्यक्तीसाठी हा उपचार विचारातही घेतला जात नाही. या प्रत्यारोपणात रुग्णाची स्वतःची मज्जा नष्ट करावी लागते, जिवाला मोठा धोका असतो, आणि दुसऱ्या पारड्यात रोजची एक गोळी असते.

जनुकांत बदल करून हे संरक्षण कृत्रिमरीत्या देता येईल का?

औषधाच्या रूपाने ते आधीच दिले गेले आहे. सीसीआर-५ वर बसून विषाणूची वाट अडवणाऱ्या मॅराव्हिरॉक या औषधाला अमेरिकेत २००७ मध्ये मान्यता मिळाली. ते देण्यापूर्वी रुग्णातील विषाणू कोणते प्रथिन वापरतो याची चाचणी करावी लागते, आणि नव्या, सोप्या गोळ्या आल्यामुळे त्याचा वापर मर्यादितच राहिला आहे.

गर्भाच्या जनुकांत बदल करण्याचा प्रकार मात्र वेगळा आहे. चीनमधील ह जियानक्वी यांनी नोव्हेंबर २०१८ मध्ये सीसीआर-५ संपादित केलेल्या जुळ्या मुली जन्मल्याचे जाहीर केले आणि जगभर संताप उसळला. मुलींचे वडील बाधित होते, पण विषाणू काढून टाकण्यासाठी शुक्राणू धुऊन वापरण्याची साधी, सुरक्षित पद्धत उपलब्ध असल्याने लागण टाळण्यासाठी संपादनाची गरजच नव्हती. शिवाय मुलींत झालेले बदल हे डेल्टा-३२ नव्हतेच; त्यांचा परिणाम काय होईल हे कोणी तपासले नव्हते. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने ह जियानक्वी यांना तीन वर्षांची कैद आणि तीस लाख युआन दंड ठोठावला. भारतातही पुढच्या पिढीत उतरणारे असे जनुकीय बदल करण्यास २०१९ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार मनाई आहे.

सीसीआर-५ नसणे पूर्णपणे निरुपद्रवी आहे, असेही नाही. वेस्ट नाईल विषाणूची लागण झाल्यास अशा व्यक्तींना गंभीर आजाराचा धोका वाढतो. अशा लोकांचे आयुष्यच कमी असते, असा एक निबंध २०१९ मध्ये गाजला होता, पण त्यातील माहितीत दोष सापडल्याने तो त्याच वर्षी मागे घेण्यात आला. मराठी संकेतस्थळांवर तो दावा अजूनही दिसला तर त्यावर विसंबू नये.

मी माझी जनुके तपासून घ्यावीत का?

एचआयव्हीचा धोका जाणून घेण्यासाठी नाही. घरी लाळ पाठवून करून घेण्याच्या काही परदेशी चाचण्यांत डेल्टा-३२ ची माहिती मिळते, पण अहवाल काहीही आला तरी निरोध, तपासणी आणि औषधे यांविषयीचा सल्ला बदलत नाही. दोन्ही प्रती बदललेल्या निघाल्या तरी सीएक्ससीआर-४ वापरणारा विषाणू, कावीळ-बी, सिफिलिस आणि परमा यांपासून त्यांचे कोणतेही संरक्षण नाही.

एक जनुकीय चाचणी मात्र एचआयव्हीच्या उपचारात खरोखर उपयोगाची आहे, आणि ती लागण रोखण्यासाठी नसून औषधाचा धोका टाळण्यासाठी आहे. अबाकाविर हे औषध काही रुग्णांना सोसत नाही. ताप, पुरळ, उलट्या, धाप अशी प्रतिक्रिया येते, आणि ती येऊन गेल्यावर औषध पुन्हा सुरू केल्यास जीव जाऊ शकतो. ही प्रतिक्रिया एचएलए-बी ५७:०१ हा प्रकार असणाऱ्यांतच येते आणि आधी चाचणी करून अशा रुग्णांना हे औषध टाळले तर ती जवळपास नाहीशी होते, हे २००८ मध्ये मोठ्या चाचणीने सिद्ध झाले. विषाणूला आवरणाऱ्या बी ५७ घराण्यातीलच हा प्रकार, आणि तोच या एका औषधाच्या बाबतीत घातक ठरतो. तो भारतीयांमध्ये दुर्मीळ नाही. प्रौढांना सुरुवातीला दिल्या जाणाऱ्या नेहमीच्या गोळीत अबाकाविर नसते, परंतु मुलांच्या औषधयोजनेत आणि मूत्रपिंडाच्या तक्रारी असलेल्या काही रुग्णांत ते वापरले जाते. आपल्या किंवा मुलाच्या गोळ्यांत ते असेल तर पहिल्या सहा आठवड्यांत ताप आणि पुरळ एकत्र दिसताच, पुढची गोळी देण्यापूर्वी एआरटी केंद्रातील डॉक्टरांना कळवावे, आणि त्यांनी ते औषध एकदा बंद केले की ते पुन्हा कधीही स्वतःहून सुरू करू नये.